मॉस्कोहून सुझदल: परतीच्या गाडीपासून उलटा मोजलेला एक दिवस

सुझदलला रेल्वे जात नाही. गावाचं सगळं सौंदर्य आणि तिथे जाणाऱ्याची सगळी अडचण या एका गोष्टीत आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉस्को ते निझ्नी नोव्हगोरोद हा लोहमार्ग टाकला गेला तेव्हा तो व्लादिमीरवरून नेला. सुझदल उत्तरेला 26 किलोमीटरवर तसंच राहिलं. कारखाने आले नाहीत, मोठ्या इमारती आल्या नाहीत, वस्ती आजही दहा हजारांच्या आतबाहेर आहे. 1024 साली इतिवृत्तात पहिल्यांदा नाव आलेलं, मॉस्को वसवणाऱ्या यूरी दोल्गोरुकीची एकेकाळची राजधानी असलेलं हे गाव म्हणूनच शाबूत सापडतं. पण तिथे पोचायला एक आगगाडी आणि एक बस लागते. परत यायला पुन्हा एक बस, पुन्हा एक आगगाडी. नवख्यांचा दिवस बिघडतो तो या चार सांध्यांपैकी एखाद्यावर. चालण्याने, थंडीने किंवा भाषेने तो फारसा बिघडत नाही.

म्हणून पहिला नियम: आधी परतीची गाडी ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

हेच गाव का

मॉस्कोहून दिवसभरात होण्यासारखी ऐतिहासिक गावं अनेक आहेत. सेर्गियेव पोसाद 70 किलोमीटरवर आहे, यारोस्लाव्स्की स्थानकावरून लोकलने दीड तासात पोचता येतं. पण तिथे मुख्यतः एकच मोठा मठ पाहायचा, अर्ध्या दिवसात काम होतं. कोलोम्ना आग्नेयेला, सफरचंदाच्या पास्तिला या मिठाईसाठी प्रसिद्ध. त्वेर हे मराठी माणसाला नावाने तरी जवळचं असावं, कारण पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नर, बिदर फिरलेला अफनासी निकितिन तिथला. व्होल्गाकाठी त्याचा पुतळाही आहे. पण त्वेर हे आता मोठं शहर आहे. जुनं गाव, नदी, गवत, शेताच्या कडेला उभी चर्चेस असं सगळं चालत पाहायचं असेल तर चार सांध्यांचा त्रास घेऊन सुझदलच गाठावं. मात्र बरोबर लहान मुलं किंवा गुडघेदुखीची वडीलधारी मंडळी असतील तर एकाच दिवसाचा हट्ट धरू नका. सुझदलमध्ये एक रात्र राहा.

आदल्या आठवड्यात करायची कामं

वार निवडा. सुझदलची बहुतेक संग्रहालयं व्लादिमीर-सुझदल संग्रहालय-संस्थेकडे आहेत आणि प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते. सोमवारी किंवा मंगळवारी गेलात तर मुख्य ठिकाणांपैकी एखादं हमखास बंद मिळतं. शिवाय महिन्यातून एक दिवस स्वच्छतेची सुट्टी असते, तिला 'सानितार्नी देन' म्हणतात आणि ती साधारण महिन्याच्या शेवटी येते. गुरुवार हा सगळ्यात सोयीचा वार. शनिवार-रविवारी सगळं उघडं असतं, पण अर्धं मॉस्को तुमच्याबरोबर असतं.

गाडीचं तिकीट काढा. मॉस्को-निझ्नी मार्गावर 'लास्तोच्का' या बसायच्या जलद गाड्या धावतात. लास्तोच्का म्हणजे भिंगरी, तो पक्षी. व्लादिमीर सुमारे पावणेदोन तासात येतं. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक छापला जातो आणि डब्याच्या दारात मूळ पासपोर्ट पाहूनच आत सोडतात. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. रशियात वैद्यकीय शिकणाऱ्या मुलांनी इथे जपावं: व्हिसा वाढवण्यासाठी पासपोर्ट विद्यापीठाच्या कार्यालयात दिलेला असेल तर तो हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

भारतातली व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे ही कार्डं रशियात चालत नाहीत, यूपीआय तर नाहीच. त्यामुळे रेल्वेच्या संकेतस्थळावर पैसे भरता येत नाहीत. सरळ उपाय म्हणजे मॉस्कोच्या कुठल्याही मोठ्या स्थानकात 'कास्सा' म्हणजे तिकीट खिडकीवर रोख पैसे देऊन दोन्ही बाजूंची तिकिटं एकदम काढणं. कागदावर तारीख, गाडीची वेळ आणि 'मॉस्को ते व्लादिमीर, व्लादिमीर ते मॉस्को' हे रशियन लिपीत लिहून घेऊन जा. भाषांतराच्या अ‍ॅपवरून उतरवून घेतलं तरी पुरे. खिडकीपलीकडच्या बाई बोलण्यापेक्षा लिहिलेलं लवकर समजून घेतात.

रोख रकमेचा हिशेब: रूबल आणि रुपया गेल्या काही वर्षांत जवळपास सारख्याच किमतीला फिरत आहेत, त्यामुळे मनातल्या मनात एकास एक धरलं तरी चालतं. दोघांच्या दिवसाला गाडीचं तिकीट सोडून आठ ते दहा हजार रूबल जवळ ठेवा. त्यात शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा, थोडी नाणी असू द्या. बसमध्ये किंवा लोणच्याच्या टपरीवर पाच हजारांची नोट काढणं म्हणजे सकाळी सकाळी पानवाल्यापुढे पाचशेची काढण्यासारखं होतं. भारतातून डॉलर किंवा युरो नेत असाल तर नव्या, न दुमडलेल्या, शिक्का किंवा पेनाची खूण नसलेल्या नोटा न्या. बँका खराब नोटा घेत नाहीत.

फोनवर विसंबू नका. परदेशी सिमकार्डचं इंटरनेट देशात आल्यावर पहिला दिवसभर बंद राहू शकतं, मोबाइल इंटरनेट अधूनमधून खंडित होतं आणि जीपीएस कधी कधी तुम्हाला भलत्याच ठिकाणी उभं करतो. सुझदल आणि व्लादिमीरचे नकाशे आधी फोनमध्ये उतरवून घ्या, भाषांतराच्या अ‍ॅपमधला रशियनचा संच उतरवा आणि परतीच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा.

हॉटेलने किंवा वसतिगृहाने केलेली तुमची नोंदणी दिवसाच्या सहलीला पुरते. वेगळं काही करावं लागत नाही. पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि देशात येताना मिळालेलं मायग्रेशन कार्ड मात्र अंगावर असू द्या.

पहिला सांधा: मॉस्कोतलं स्थानक

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. व्लादिमीरकडे जाणाऱ्या गाड्या मॉस्कोत दोन वेगवेगळ्या स्थानकांवरून सुटतात. कुर्स्की स्थानक शहराच्या मध्यात आहे. वस्तोच्नी म्हणजे 'पूर्व' स्थानक 2021 मध्ये सुरू झालं आणि ते बरंच ईशान्येला, मेट्रोच्या चेर्किझोव्स्काया थांब्याला लागून आहे. दोन्हींच्या मध्ये अर्धा-पाऊण तास जातो. तिकिटावर कोणतं नाव आहे ते आदल्या रात्री पुन्हा वाचा. चुकीच्या स्थानकावर पोचलात तर ती गाडी गेलीच.

सकाळी सात ते आठच्या दरम्यानची गाडी धरा. स्थानकात शिरतानाच सामान तपासणीच्या यंत्रातून जातं, तिथे रांग असते. गाडीच्या अर्धा तास आधी दारात असावं. फलाट क्रमांक फलकावर गाडी सुटण्याच्या थोडंच आधी लागतो, त्यामुळे फलकाखाली थांबा. उगाच फलाटांवर शोधत फिरू नका.

गाडीत निवांत झोपू नका. व्लादिमीर हे मधलं स्थानक आहे आणि गाडी तिथे काहीच मिनिटं थांबते. सुटल्यापासून दीड तास झाला की पिशव्या खाली काढा. रशियन लिपीतलं व्लादिमीर इंग्रजी 'बी'सारख्या अक्षराने सुरू होतं, कारण त्यांचा 'व' तसाच दिसतो. फलाटावर 'बी' दिसला म्हणून वेगळं गाव समजू नका. आणि कोव्रोव आलं तर व्लादिमीर मागे गेलं, तिथेच उतरून उलटी गाडी पकडा.

दुसरा सांधा: व्लादिमीरचा बसतळ

रेल्वे स्थानकातून बाहेर पडलात की समोर, रस्त्यापलीकडे 'अवतोवक्झाल', म्हणजे बसतळ. पाच मिनिटं पुरतात. स्थानकाच्या दारात टॅक्सीवाले 'सुझदल, सुझदल' करत उभे असतील. त्यांचा पहिला भाव परदेशी माणसासाठीचा असतो. टॅक्सी हवीच असेल तर यांडेक्स गो हे अ‍ॅप वापरा, त्यात रोख पैसे देण्याची सोय निवडता येते. तिघे-चौघे असाल तर सकाळी टॅक्सी करणं शहाणपणाचं, कारण ती थेट सुझदलच्या क्रेमलिनच्या, म्हणजे जुन्या गढीच्या, दारात सोडते आणि पाऊण तास वाचतो.

नाहीतर बस. सुझदलला जाणाऱ्या बस दिवसभर बऱ्यापैकी सतत असतात. प्रवास पन्नासेक मिनिटांचा, भाडं स्वस्त. तिकीट बसतळाच्या खिडकीवर काढा. बसच्या पाटीवर सुझदल कसं ओळखायचं? रशियन अक्षरांत ते साधारण असं दिसतं: इंग्रजी 'सी', मग 'वाय', मग तीनचा आकडा. 'सी-वाय-तीन' एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. इवानोवोला जाणाऱ्या बसही सुझदलवरून जातात. त्यांच्यात जागा असेल तर बसायला हरकत नाही, चालकाला आधी विचारून घ्या.

आता सुझदलची जुनी खोड. तिथला बसतळ गावाच्या पूर्व टोकाला, बाजारचौकापासून सुमारे दीड-दोन किलोमीटरवर आहे. बस थांबली, शेजारी एक-दोन माणसं बसूनच राहिली, तर समजा ही बस पुढे गावात जाणार आहे. चालकाला 'त्सेंत्र?' विचारा. मान हलली तर जास्तीचे थोडे पैसे देऊन बसून राहा. नाही हलली तर वासिल्येव्स्काया रस्त्याने पश्चिमेकडे सरळ चाला. वीस-पंचवीस मिनिटांत बाजारचौक येतो. रस्ता चुकण्यासारखा नाही, फक्त हिवाळ्यात पदपथावर बर्फ असतो.

आणि पुढचं काम उतरल्या उतरल्या करा: बसतळावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. व्लादिमीरकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या बस कितीला आहेत आणि शेवटची कितीला, ते त्यात असतं. दिवसातलं हे सगळ्यात उपयोगी छायाचित्र.

गावाचा आराखडा

सुझदल दक्षिणोत्तर लांबट आहे. मधून लेनिन रस्ता जातो, पश्चिमेला कामेन्का ही छोटी, वळणावळणाची नदी. दक्षिणेला क्रेमलिन, नदीपलीकडे लाकडी इमारतींचं संग्रहालय. मध्ये बाजारचौक. उत्तरेला तटबंदीचा मोठा स्पासो-येवफिमियेव मठ आणि त्याच्या खाली, नदीच्या पलीकडच्या काठावर पोक्रोव्स्की मठ. टोकापासून टोकापर्यंत दोन-अडीच किलोमीटर. दक्षिणेकडून सुरुवात करून उत्तरेला संपवा. मध्येच उलटसुलट फिरलात तर दिवसाला बारा किलोमीटर होतात आणि संध्याकाळच्या बसमध्ये पाय बोलू लागतात.

इथे तीसेक पावलांवर चर्च दिसतं आणि बहुतेक वेळा ती जोडीने उभी असतात. एक उंच, मोठ्या खिडक्यांचं. दुसरं बुटकं, लांबट, छोट्या खिडक्यांचं. पहिलं उन्हाळ्याचं, त्यात शेगडीच नाही. दुसरं हिवाळ्याचं, ऊब धरून ठेवता यावी म्हणून मुद्दाम ठेंगणं बांधलेलं. दोघांना मिळून एक घंटाघर. एवढं कळलं की गाव वाचता येतं, नाहीतर चौथ्या घुमटानंतर सगळं सारखंच वाटू लागतं.

क्रेमलिन: दीड तास

मॉस्कोच्या लाल भिंती डोक्यात ठेवून आलात तर निराश व्हाल. इथली तटबंदी मातीची, गवताने झाकलेली आहे. तिच्यावर चढून एक चक्कर मारा, नदीच्या वळणात गाव कसं वसलं ते तिथून दिसतं. त्याला तिकीट लागत नाही.

आतलं जन्मोत्सवाचं कॅथीड्रल 1222 ते 1225 मध्ये उभं राहिलं. खालचा पांढऱ्या दगडाचा, कोरीव पट्ट्याचा भाग त्या काळचा. वरचा विटांचा भाग सोळाव्या शतकातला, आणि निळ्या घुमटांवरचे सोनेरी तारे म्हणजे गावाची ओळख. दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ते बाहेरून शोधा, तीनशे वर्षांचं अंतर डोळ्यांना दिसतं. आत तेराव्या शतकातली सोनेरी दारं आहेत: तांब्याच्या पत्र्यांवर आगीने सोनं चढवून केलेली चित्रं. दार म्हणून पाहिलं तर दोन मिनिटांत उरकतं. एकेक चौकट पाहिली तर अर्धा तास पुरत नाही. दमट हवेत भित्तिचित्रांना धोका नको म्हणून कॅथीड्रल बंद ठेवलं जाऊ शकतं. पावसाच्या दिवशी तिकीट काढण्याआधी खिडकीवर 'सबोर अत्क्रित?' (कॅथीड्रल उघडं आहे का?) एवढं विचारा.

तिकिटांबद्दल: प्रत्येक दालनाचं वेगळं आणि सगळ्यांचं मिळून एकत्र अशी दोन्ही असतात. तीन दालनं पाहणार असाल तरच एकत्र तिकीट परवडतं. एका दिवसाच्या पाहुण्याने कॅथीड्रल आणि आर्चबिशपच्या वाड्यातलं क्रॉस दालन एवढं पाहावं. हे प्रचंड दालन एकाही खांबावाचून छत पेलतं. बाकीची प्रदर्शनं सोडा. आवारातच ग्लोतोवो गावातून आणून उभं केलेलं 1766 सालचं लाकडी चर्च आहे, ते बाहेरूनच पाहायचं.

लाकडी इमारतींचं संग्रहालय: एक तास

क्रेमलिनमागून उतरून पादचारी पुलाने कामेन्का ओलांडा. हिवाळ्याच्या शेवटी, साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, बर्फ वितळून नदी फुगते आणि काठाचा रस्ता चिखलाचा होतो. तेव्हा हा भाग सरळ गाळा.

इथे आजूबाजूच्या गावांतून सुटी करून आणलेली घरं, पवनचक्क्या आणि दोन चर्चेस आहेत. 1756 सालचं कोझल्यात्येवोचं आणि 1776 सालचं पाताकिनोचं. इथेही तीच उन्हाळी-हिवाळी जोडी. घुमटांवर अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडी खवल्या बसवल्या आहेत. ऊनपावसाने त्या रुपेरी होतात, दुरून पत्रा वाटतो. आत पायचाकाची विहीर आहे: माणूस चाकात चालतो आणि बादली वर येते. शेतकऱ्याच्या घरात शिरलात तर चुलीचा आकार पाहा, घराचा चौथा हिस्सा तिनेच खाल्लेला असतो, कारण तिच्यावर झोपायचं असायचं. थंडीत इथली काही घरं आतून बंद असतात.

जुलैमध्ये या आवारात काकडीचा उत्सव भरतो. मजा आहे, पण त्या दिवशी बस, खानावळी, टॅक्सी सगळं तुडुंब. पहिल्यांदा जाणाऱ्याने तो दिवस टाळलेलाच बरा.

जेवण: शाकाहाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा

परत बाजारचौकात या. 1806 ते 1811 मध्ये बांधलेल्या खांबांच्या लांब ओळीत, 'तोर्गोविये र्‍यादी'मध्ये, दुकानं आणि खानावळी आहेत. एक वाजण्याच्या आत बसा. दीडनंतर मोठ्या सहलींच्या बस रिकाम्या होतात आणि साधं सूप यायला चाळीस मिनिटं लागतात.

'बेझ म्यासा' म्हणजे मांस नसलेलं. पण त्यात मासा येतो, आणि सूप मांसाच्याच पाण्यात शिजलेलं असतं. योग्य शब्द आहे 'पोस्त्नोये': रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचं उपासाचं जेवण. त्यात मांस, दूध, लोणी, अंडी काही नसतं. माशाचं मात्र विचारा, 'रिबा?', कारण काही दिवशी उपासातही तो चालतो. अनेक खानावळींच्या यादीत या नावाचा वेगळा भाग असतो, विशेषतः ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात. मग मिळतं काय: अळिंबीचं सूप, बटाटे आणि अळिंबी, खिचडीसारखी शिजवलेली 'ग्रेच्का' म्हणजे कुट्टू, लोणची, कोबीचे किंवा बटाट्याचे 'पिरोझ्की'. कोबीच्या पिरोझ्कीत बऱ्याचदा उकडलेलं अंडं कुस्करलेलं असतं. 'याइत्सो?' विचारून घ्या. बोर्श हे बीटचं सूप लाल आणि भाजीचं दिसतं, तरी बहुधा गोमांसाच्या पाण्याचं असतं.

काकडी मात्र बिनधास्त खा. सुझदलची ओळखच ती. टपऱ्यांवर मोठ्या भांड्यांत दोन प्रकार: 'मालोसोल्निये', म्हणजे एक-दोन दिवस मुरलेल्या, अजून हिरव्या आणि कुरकुरीत, आणि पूर्ण मुरलेल्या, गर्द रंगाच्या. पहिल्या आपल्या जिभेला लवकर आवडतात. त्यांत शेपूची फुलं, लसूण, कधी ब्लॅककरंटच्या झुडपाची पानं असतात. आपलं लोणचं तेल-मसाल्यात मुरतं, हे मिठाच्या पाण्यात आंबतं. मुंबईला न्यायची असतील तर चेक-इनच्या सामानात घट्ट बंद करून न्या. बरणीतलं पाणी विमानाच्या हातातल्या पिशवीत चालत नाही.

'मेदोवुखा' हे मधाचं आंबवलेलं पेय. गोड लागतं म्हणून सरबतासारखं प्यायलं जातं आणि पाऊण तासाने पाय जड होतात. त्यात मद्य असतं. बिनमद्याची हवी तर 'बेझअल्कोगोल्नाया' मागा. थंडीत मसाल्याचं गरम 'स्बितेन' उत्तम, मधाचा काढाच म्हणा.

उत्तरेकडे: घंटा, कबरी आणि राण्या

जेवून लेनिन रस्त्याने उत्तरेला निघा. वाटेत रिझोपोलोझेन्स्की मठाचं 72 मीटर उंचीचं घंटाघर लागतं, गावातलं सगळ्यात उंच. वर चढू देत असतील आणि पायऱ्या झेपत असतील तर चढा. नदीचं वळण, शेतं, चर्चच्या जोड्या एकदम दिसतात.

पुढे स्पासो-येवफिमियेव मठ. 1352 मध्ये स्थापन झालेला. आजची लाल विटांची भिंत सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब आणि 12 बुरुजांची. इथे दोन तास ठेवा. सुझदलमध्ये एकच तिकीट काढायचं असेल तर ते इथलं काढा. दारातच घंटावादनाच्या वेळा विचारा आणि बाकीचा क्रम त्याभोवती लावा. घंटा वाजवणारा हात आणि पाय दोन्ही वापरतो, दोऱ्यांचं जाळं अंगाभोवती असतं. हे पाहायला घंटाघरासमोर दहा-पंधरा पावलं मागे उभं राहा. अगदी खाली राहिलात तर फक्त आवाज ऐकू येतो.

कॅथीड्रलच्या भिंती 1689 मध्ये गुरी निकितिन आणि सिला साविन यांच्या चमूने रंगवल्या. बाहेर द्मित्री पोझार्स्कीची कबर आहे. मॉस्कोच्या लाल चौकात सेंट बासिलपुढे जे दोन पुतळे दिसतात, त्यांतला बसलेला तोच. 1612 मध्ये पोलिश सैन्याला मॉस्कोतून हुसकावणारा. आवाराच्या एका टोकाला तुरुंग आहे. 1766 मध्ये कॅथरीन दुसरीच्या काळात तो सुरू झाला, आधी 'वेडे' ठरवलेल्यांसाठी, पुढे धर्माच्या आणि सत्तेच्या गैरमर्जीतल्या लोकांसाठी. स्तालिनग्रादच्या लढाईनंतर शरण आलेला जर्मन फील्डमार्शल पाउलुसही काही काळ याच भिंतींत होता. तुरुंगातलं प्रदर्शन लहान आहे, पण चुकवू नका.

भिंतीच्या बाहेर पश्चिमेला, नदीच्या उंच काठावर या. खाली पोक्रोव्स्की मठाची पांढरी घुमटी दिसते. सुझदलची चित्रं बहुतेक याच जागेवरून काढलेली असतात. दुपार कलल्यावर ऊन समोरून येतं, फोटो काळपट निघतात. चांगल्या फोटोसाठी सकाळी यावं लागेल, मग सगळा क्रम उलटा लावा.

वेळ असेल तर खाली उतरून पोक्रोव्स्कीत जा. हा 1364 सालचा, आज पुन्हा साध्वींचा राहता मठ. राजघराण्याला नको झालेल्या बायका इथे पाठवल्या जात. मूल होत नाही म्हणून 1525 मध्ये वासिली तिसऱ्याने आपली बायको सोलोमोनिया हिला संन्यास घ्यायला लावला. ती इथेच राहिली. तिला मठात मुलगा झाला, अशी आख्यायिका आहे. मठातलं एक लहान थडगं 1934 मध्ये उघडलं तेव्हा त्यात हाडं नव्हती, लहान मुलाच्या कपड्यांत गुंडाळलेली बाहुली होती. पीटर पहिल्याची पहिली बायको येवदोकिया हिलाही पुढे इथेच धाडलं गेलं.

चर्चमध्ये वागणं

आपल्या सवयीने जोडे काढू नका, इथे पायात घालूनच आत जातात. पुरुषांनी टोपी काढायची, बायकांनी डोकं झाकायचं: ओढणी असली की काम झालं. राहत्या मठांत अर्ध्या चड्डीवर सोडत नाहीत. दाराशी गुंडाळायला कापड ठेवलेलं असतं. बसायला बाकं नसतात, लोक उभेच असतात. प्रार्थना चालू असताना फोटो नको, आणि मूर्तिपटांसमोर उभ्या माणसाच्या आणि पटाच्या मधून जाऊ नका.

थंडीत गेलात तर

डिसेंबरमध्ये इथे उजेड जेमतेम सात तास: नऊच्या सुमारास उजाडतं, चारच्या आत मावळतं. तेव्हा लाकडी संग्रहालय गाळा आणि क्रेमलिन व स्पासो-येवफिमियेव एवढंच ठरवा. उणे वीसला फोनची बॅटरी पाहता पाहता संपते. फोन आणि पॉवरबँक आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. पुण्यात घेतलेले स्पोर्ट्स शूज दाबलेल्या बर्फावर घसरतात. खोल खाचांचे, एक माप मोठे बूट घ्या, म्हणजे लोकरीचे मोजे घातल्यावरही बोटं हलतात. बोटं हलली नाहीत की पाय गार पडलेच. 1 ते 8 जानेवारी ही रशियातली मोठी सुट्टी, तेव्हा गाडीची तिकिटं आठवडेच्या आठवडे आधी संपतात.

तिसरा आणि चौथा सांधा: परत

आता उलटं मोजा. समजा व्लादिमीरहून गाडी साडेसातला आहे. स्थानकात सातला असायचं. बसला पन्नास मिनिटं, वाहतुकीला वीस, म्हणजे पावणेसहाची बस. ती भरलेली निघाली तर पुढची साडेसहाची उशिराची ठरते, म्हणून लक्ष्य सव्वापाचचं ठेवायचं. पोक्रोव्स्कीहून बसतळ चालत पाऊण तास. म्हणजे साडेचारला पाय काढायचा. हे ऐकायला फार लवकर वाटतं, पण संग्रहालयांच्या तिकीट खिडक्याही बंद होण्याच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधीच मिटतात, त्यामुळे हातचं फारसं जात नाही. चालायचं नसेल तर इथून टॅक्सी मागवा, फक्त अ‍ॅपवर गाडी यायला शहरापेक्षा जास्त वेळ लागतो.

परतीसाठी बसतळावरूनच चढा. गावातल्या थांब्यावर भरलेली बस न थांबता निघून जाते. रविवारी संध्याकाळी इवानोवोहून येणाऱ्या बसमध्ये जागा नसतेच असं धरून चाला. शेवटची बस चुकली तर घाबरू नका: टॅक्सीने व्लादिमीर गाठा, आणि तिथली गाडीही चुकली असेल तर तिकीट खिडकीवर रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत मॉस्कोपर्यंत जागा विचारा. पूर्वेकडून येणाऱ्या गाड्या व्लादिमीरला थांबतात.

उलट, व्लादिमीरला तास-दीड तास हातात उरला तर स्थानकात बसून राहू नका. वरच्या टेकडीवर उस्पेन्स्की कॅथीड्रल आहे, चढण पंधरा-वीस मिनिटांची. आत आंद्रेई रुब्ल्योवने 1408 मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. शेजारचं द्मित्रियेव्स्की बाहेरूनच पाहा: बाराव्या शतकाच्या शेवटच्या या भिंतींवर सिंह, पक्षी, घोडेस्वार दाटीने कोरले आहेत. उतरताना तोच रस्ता घ्या. पासपोर्ट वरच्या खिशात काढून ठेवा, डब्याच्या दारात पुन्हा लागेल.